पहिलीचा वर्ग आतून कसा चालतो



जून लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "पोराला गावातल्या शाळेत घालावं, की व्हॅननं तालुक्याला पाठवावं?" अंतर्गत कर्जाच्या वहीत बी-बियाणं, दवाखाना, शेळी यांच्या ओळीत 'शाळेची फी' हे कारण आता आम्हाला दरवर्षी लिहावं लागतं. कर्ज घेणारीला आम्ही अडवत नाही, तो तिचा हक्क आहे. पण गावची शाळा का नको, असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं. "तिथं शिकवत नाहीत हो. मी स्वतः बघून आले. पोरं खाली बसून चिंचोके खेळत होती, आणि बाई एका कोपऱ्यात चार-पाच पोरं घेऊन बसल्या होत्या."

असं सांगणारी बाई खोटं बोलत नसते. तिनं पाहिलं ते तसंच असतं. फक्त ती ज्या शाळेत शिकली तिथला वर्ग असा नव्हता, म्हणून समोर जे चाललंय ते तिला शिकवणं वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांपुढे वर्ग म्हणजे एक फळा, फळ्यापुढे मास्तर, आणि हाताची घडी तोंडावर बोट ठेवून रांगेत बसलेली मुलं. तसा वर्ग दिसला की वाटतं, शाळा चालू आहे. तसा दिसला नाही की वाटतं, पोरं वाऱ्यावर सोडलीत.

कधी कधी पोरं खरंच वाऱ्यावर सोडलेली असतात, तेही आज बोलू. पण चिंचोके कोणत्या वर्गात शिकण्यासाठी मांडलेत आणि कोणत्या वर्गात वेळ काढण्यासाठी, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. पोराला कुठं घालायचं हा निर्णय काही हजारांचा असतो आणि तो आपण दारातून पाच मिनिटं डोकावून घेतो. म्हणून आज पहिली-दुसरीच्या वर्गाची मांडणी समजून घेऊ. वर्गात काय कुठं ठेवलेलं असतं, का ठेवलेलं असतं आणि मुलं त्याचं काय करतात.

वर्गात गेलात तर आधी खाली बसा. आम्ही हे गंमत म्हणून सांगत नाही. सहा वर्षांचं मूल सतरंजीवर मांडी घालून बसतं तेव्हा त्याचे डोळे जमिनीपासून दोन फुटांच्याही खाली असतात. आपण दारात उभ्या राहून पाहतो ते भिंतीवरचे तक्ते, नेत्यांच्या तसबिरी, सुविचार. मुलाच्या डोळ्यांसमोर यातलं काहीच नसतं. त्याला दिसते ती भिंतीची खालची बाजू, समोरच्याची पाठ आणि फरशी. चांगला वर्ग मांडणाऱ्या शिक्षिकेनं हे आधी पाहिलेलं असतं. तिचे तक्ते खाली असतात, दोरीवर अडकवलेली पुस्तकं मुलाच्या हाताला येतात, आणि साहित्याचे डबे मूल स्वतः काढून परत ठेवू शकेल अशा फळीवर असतात. छताला टेकलेला बाराखडीचा रंगीत तक्ता हा पाहुण्यांसाठी असतो, मुलांसाठी नसतो. आमचं हे मत जरा कडक वाटेल, पण एकदा खाली बसून बघा.

बऱ्याच शाळांत आता भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा काळा किंवा हिरवा रंगवून त्याचा फळा केलेला असतो. त्यावर रेघा मारून प्रत्येक मुलाला आपापला चौकोन, वर त्याचं नाव. मूल उभं राहून खडूनं लिहितं, ओल्या फडक्यानं पुसतं. आई म्हणते, वही कोरीच आहे, म्हणजे काही लिहून घेतलं नाही. पण पहिलीतल्या मुलाच्या बोटांना पेन्सिल धरायची ताकद हळूहळू येते. आधी खांद्यापासून हात फिरतो, मग मनगट, मग बोटं. मोठ्या फळ्यावर मोठं अक्षर काढताना हा सगळा हात तयार होतो. दुसरी गोष्ट म्हणजे खडूनं चुकलेलं पुसलं की गेलं. वहीत लाल फुली राहते आणि ती घरीही दिसते. तिसरी सोय बाईंची. वर्गाच्या मध्ये उभं राहून एक नजर फिरवली की कोण कुठं अडलंय ते त्यांना कळतं. वीस वह्या तपासायला जितका वेळ जातो तितक्यात त्या दोन मुलांचा हात धरून गिरवून घेतात.

फरशीवरही काढलेलं असतं. एक ते वीसची अंकपट्टी, शिडी, अक्षरांचे चौकोन, गोल. पाचवर उभं राहायचं, तीन उड्या पुढे मारायच्या, आठ आले. आठवरून दोन मागे, सहा. बेरीज म्हणजे पुढे जाणं आणि वजाबाकी म्हणजे मागे येणं, हे पायाला आधी कळतं. असे वर्ग आपल्या राज्यात पसरले त्याला सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट बरंच कारणीभूत आहे. तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि बीटमधल्या शिक्षकांनी मिळून जिल्हा परिषदेच्या शाळांचे वर्ग अशा पद्धतीनं बदलले. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून आले. ज्ञानरचनावाद हा जड शब्द गावोगावच्या शिक्षकांच्या तोंडी झाला तो त्याच सुमारास. पुढे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि रंगवलेल्या फरश्या सगळीकडे दिसू लागल्या.

सगळीकडे दिसू लागल्या खऱ्या, पण आमच्या फिरतीत आम्ही असे वर्गही पाहतो जिथं फरशीवर सुंदर अंकपट्टी आहे आणि त्यावर सतरंजी अंथरून मुलं रांगेत बसलीत. रंग एका सुट्टीत होतो. त्यावरून रोज मुलांना उड्या मारायला लावायला शिक्षकाची तयारी लागते. म्हणून वर्ग पाहायला गेलात की फरशीचा रंग कुठं झिजलाय ते बघा. अंकपट्टी झिजलेली असली तर समजा ती वापरात आहे.

आता मुलं बसतात कशी ते बघू. गोष्ट सांगायची असली की गोल किंवा अर्धगोल, म्हणजे सगळ्यांना बाईंचा चेहरा आणि पुस्तकातलं चित्र दिसतं, आणि मागच्या रांगेत लपायला जागा राहत नाही. बाकी वेळ चार-पाच जणांचे गट. सगळ्यांची तोंडं फळ्याकडे अशी बैठक दिवसात थोडाच वेळ असते. लहान मुलाचं शिकणं बोलत बोलत होतं. शेजारच्याला विचारणं, त्याचं बघणं, भांडणं, परत करून बघणं. त्यामुळे पहिलीचा चांगला वर्ग शांत नसतो. गोंगाट आणि कामाचा गलका यात फरक असतो, तो तुम्हाला सांगायला नको. बायका पापड लाटायला बसल्या की जसा आवाज असतो तसा तो असतो. हात चालू आणि तोंडही चालू.

आता त्या "बाई चार-पाच पोरं घेऊन बसल्या होत्या" या गोष्टीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच होतो.

आपल्या वाडी-वस्तीवरच्या पुष्कळ शाळा दोनशिक्षकी आहेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एका शिक्षिकेकडे पहिली आणि दुसरी मिळून एकाच खोलीत. धरा बावीस मुलं. त्यात एक अंगणवाडीत रोज गेलेलं, घरी मोठ्या बहिणीचं बघून वाचायला लागलेलं. एक ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेलेलं आणि चार महिन्यांनी परत आलेलं. एक वीटभट्टीवरचं, ज्याच्या घरात मराठी बोलत नाहीत. या बावीसांना एकाच वेळी एकच धडा फळ्यावर शिकवला तर सात-आठ जणांना तो कळतो, सात-आठ जणांना आधीच येत असतो आणि उरलेली खिडकीबाहेर बघतात. आपण शिकलो तेव्हा असंच होत होतं. उरलेल्यांना आपण 'ढ' म्हणत होतो आणि त्यातल्या कितीतरी मुली चौथीत घरी बसल्या.

म्हणून बाई तीन गट करतात. एक गट त्यांच्याजवळ, त्याला नवीन काही शिकवायचं असतं. दुसरा गट काल शिकलेल्याचा सराव करतो, चिंचोके किंवा कार्डं घेऊन. तिसरा गट वाचन कोपऱ्यात किंवा जोडी-जोडीनं, मोठं मूल लहानाला घेऊन. वीस-पंचवीस मिनिटांनी गट बदलतात. तुम्ही दारात त्या वेळी उभ्या असाल तर तुम्हाला चार-पाच पोरं शिकताना आणि बाकीची 'खेळताना' दिसणारच. खरी परीक्षा पुढे आहे. थोडं थांबा. गट बदलतात का? बाईंपासून लांब असलेल्या मुलांना आपण काय करतोय ते माहीत आहे का? एखाद्याजवळ बसून विचारा, "बाळा, काय करतोयस?" तो म्हणाला, "मी दहा-दहाचे ढीग करतोय, मग सांगणार किती झाले," तर वर्ग चालू आहे. तो म्हणाला, "काय नाय, बाईंनी बसायला सांगितलंय," तर मात्र तुमची शंका रास्त आहे आणि ती शाळेच्या बैठकीत मांडायला हरकत नाही.

ढिगांचं निघालंच आहे तर चिंचोक्यांचं गणित सांगतो. मराठीत अंकांची एक अडचण आहे आणि ती आपण मोठ्यांनी कधीच विसरून गेलेलो असतो. आपण म्हणतो 'पंचवीस', म्हणजे आधी पाच ऐकू येतात, मग वीस. पण लिहिताना आधी दोन लिहायचा, मग पाच. ऐकलं तसं लिहिणारं मूल ५२ लिहून मोकळं होतं. त्याला आपण चापट मारतो, पण त्यानं तर कान देऊन ऐकलेलं असतं! एकोणतीस तर आणखी अवघड. त्यात तीस ऐकू येतात आणि लिहायचे २९. तिसातून एक उणा, हे त्या शब्दाचं पोट आहे, पण ते मुलाला कोण सांगतं? २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाची पद्धत जोडीला दिली होती. त्यावर किती चेष्टा झाली ते तुम्हाला आठवत असेल. त्या पद्धतीबद्दल मतं काहीही असोत, मुलांची अडचण खरी होती.

तीच अडचण वर्गातले चिंचोके आणि काड्या सोडवतात. दहा काड्यांचा गठ्ठा रबरानं बांधायचा, तो दशक. सुट्ट्या काड्या म्हणजे एकक. पंचवीस म्हटलं की मूल दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या उचलतं आणि गठ्ठे डाव्या हाताला ठेवतं. आता लिहिताना गठ्ठ्यांचा आकडा आधी. हे वीस-पंचवीस वेळा हातानं केलं की ५२ आणि २५ यांची गल्लत थांबते. हातच्याची बेरीजही यातूनच. सुट्ट्या काड्या दहा झाल्या की बांधा गठ्ठा आणि सरकवा डावीकडे. हातचा एक म्हणजे तो गठ्ठा. आपण तोंडपाठ 'हातचा एक' म्हणत वाढलो, तो एक कुठून आला हे आम्हाला स्वतःला शिक्षकांच्या एका शिबिरात बसल्यावर नीट कळलं.

मणीमाळही याच कामाची. शंभर मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या रंगाचे, असे आलटून पालटून. माळ भिंतीला मुलांच्या उंचीवर बांधलेली असते. चौतीस दाखव म्हटलं की मूल तीन रंग ओलांडतं आणि चार मणी पुढे जातं. शंभर मणी एकेक मोजत बसत नाही. दहा-दहानं उड्या मारायची सवय इथं लागते.

भाषेचा कोपरा वेगळा. तिथं अक्षरकार्डं, चित्रकार्डं, पातळ पातळ गोष्टींची पुस्तकं, वाळूचं ताट. वाळूत बोटानं अक्षर काढायचं, ताट हलवलं की पुसलं. आता एक बदल लक्षात घ्या, नाहीतर घरी आपण आणि शाळेत बाई अशी रस्सीखेच होते. अ, आ, इ, ई पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं पाठ करून मग शब्द, असा क्रम बऱ्याच शाळांत राहिलेला नाही. चार-पाच अक्षरांचा एक गट घेतात आणि त्याला लगेच काना जोडतात. क, म, र, ल आणि काना एवढ्यातच मका, काका, मामा, लाल, काम, माल, कमल असे शब्द होतात. पंधरा दिवसांत मूल खराखुरा शब्द वाचतं आणि आपल्याला वाचता येतं हे त्याला कळतं. तेव्हा "अजून ज्ञ येत नाही" म्हणून घाबरू नका. "मका वाचून दाखव" म्हणा.

हजेरीसुद्धा काही वर्गांत मुलं स्वतः लावतात. भिंतीवर कापडी कप्पे असतात, शेजारी नावाच्या चिठ्ठ्या. आल्या आल्या आपलं नाव शोधायचं आणि कप्प्यात खोचायचं. कितीतरी मुलांनी पहिल्यांदा वाचलेला शब्द म्हणजे त्यांचं स्वतःचं नाव. शेजारी वाराची पाटी, आज ऊन की ढग की पाऊस याची पाटी. किती आले, किती नाहीत, याची वजाबाकी तिथंच उरकते. आरसा, कंगवा, नखं काढायचं यंत्र याचाही एक कोपरा असतो, त्याबद्दल काही सांगायची गरज नाही.

घरी वेगळी बोली असलेल्या मुलांसाठी या भाषेच्या कोपऱ्याचं मोल जास्त आहे. बाईंनी घागर, भाकरी, कोंबडी यांची चित्रं लावून त्याखाली वर्गातल्या मुलांच्या घरचे शब्दही लिहिलेले आम्ही पाहिलेत. भट्टीवरून आलेलं मूल पहिले पंधरा दिवस तोंड उघडत नाही, मग एक दिवस आपला शब्द भिंतीवर दिसतो आणि ते मोठ्यानं म्हणतं. शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, करून आणि शोधून शिकू द्यावं, असं शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय. तेव्हा चिंचोके हा बाईंचा लहरीपणा नव्हे, २००९ च्या कायद्याचा आधार त्याला आहे.

आणि तो काही परदेशी शोधही नव्हे, असं आम्ही ठासून सांगतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला, आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो, बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथंच मिळाल्या. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत लाकडी घडीव साहित्य लागतं, ते महाग. ताराबाईंनी त्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती वापरली. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, कारण कुणाच्या कडेवर भावंड होतं, कुणाला गुरं राखायची होती. तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तिथली आहे. पुढे कोसबाडला गुराख्यांसाठी कुरणशाळाही चालवली, गुरं चरतात तिथंच. आज आपण अंगणवाडीताई म्हणतो, त्या शब्दामागे या दोन बायका आहेत. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. पण वर्गात चिंचोके दिसले की आपण म्हणतो, शिकवत नाहीत.

आता दुसरी बाजू. चांगला वर्ग मोडतो कसा, तेही आम्ही पाहतो.

पहिलं म्हणजे कपाटाचं कुलूप. शाळेला गणिताच्या, भाषेच्या पेट्या आलेल्या असतात. त्या कपाटात बंद. विचारलं तर सांगतात, "मुलं हरवतात, मोडतात, मग तपासणीत आम्ही काय दाखवणार?" शिक्षकांची भीती अगदीच खोटी नाही, साहित्याची नोंदवही त्यांच्या नावावर असते. पण पेटी नवी कोरी राहिली आणि मुलं कोरी राहिली तर ती तपासणी कशाची? इथं शाळा व्यवस्थापन समिती कामाला येते. वापरून मोडलेलं साहित्य बैठकीत दाखवून त्याची इतिवृत्तात नोंद घेतली की शिक्षकावरचा भार हलका होतो. एका गावात आमच्या गटातल्या सदस्य ताईंनी एवढीच एक मागणी लावून धरली. दोन महिने गेले, पण पेटी उघडली.

दुसरं, जागा. एका शाळेत पहिलीच्या वर्गात पोषण आहाराच्या तांदळाची पोती, जुन्या परीक्षांचे गठ्ठे, मोडके बाक आणि निवडणुकीच्या वेळचं काहीबाही. वाचन कोपरा पोत्यांच्या मागे. खिडकीसमोर बाक रचलेले, म्हणून दिवसा दिवा लावायचा आणि वीज गेली की अंधार. शिक्षिका नवीन, तिला कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं. त्या गावच्या दोन गटांनी एक रविवार दिला. पोती स्वयंपाकाच्या खोलीत फळ्यांवर गेली, मोडके बाक रीतसर नोंद करून बाहेर काढले. खर्च चहाचा. पण बायका आत आल्या, मुलांच्या जागेवर बसल्या, म्हणून हे दिसलं. दारातून ते कधीच दिसलं नसतं.

तिसरं, टीव्ही. लोकवर्गणीतून मोठा पडदा घेतला की गावाला अभिमान वाटतो. आमचा त्याला विरोध नाही, पण सहा वर्षांच्या मुलापुढे दिवसभर बडबडगीतं लावून ठेवली तर ती खेळण्यापेक्षा वाईट. पडद्यावरचे मणी सरकवता येत नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया, असा कायदा आहे. बैठक दर महिन्याला. तिथं आपण सही करून परत येतो, हे सोडा. समग्र शिक्षा योजनेतून पटानुसार शाळेला संयुक्त शाळा अनुदान येतं, कधी उशिरा येतं, पण येतं. त्यातून पहिली-दुसरीच्या वर्गासाठी काय घेतलं, हे विचारायला आपल्याला इंग्रजी यावं लागत नाही. मुलं शेवटी काय शिकली पाहिजेत याचाही मापदंड आहे. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं, तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं यासाठी. पहिली संपताना मुलानं चार-पाच सोप्या शब्दांचं, पूर्वी न पाहिलेलं वाक्य वाचावं आणि नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या लिहाव्यात, वाचाव्यात, एवढी त्यात अपेक्षा आहे. हे सांगणारी शाळा आणि टाय-बूट घालून 'ए फॉर ॲपल' म्हणणारी शाळा, दोन्हीकडच्या मुलांना हेच एक वाक्य वाचायला द्या आणि मग फी कुठं भरायची ते ठरवा.

शाळेत पाय ठेवायला निमित्त हवं असेल तर 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारी मेळावा आहे. २०२२ पासून तो आपल्या राज्यात होतोय, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक आणि शाळा सुरू होताना एक. पहिलीत येणाऱ्या मुलांना वेगवेगळ्या टेबलांवर नेऊन उड्या, रंग, गोष्ट, मोजणं असं करून घेतात आणि आईला एक कार्ड देतात. त्यासोबत वस्तीवर पाच-सहा मातांचे गट करायचे असतात, आठवड्याला मुलांसाठी एक-दोन कृती करायच्या. बचत गटाला हे अवघड नाही, बैठक आपली ठरलेलीच असते. आमच्याकडे काही गट वसुली झाली की पंधरा मिनिटं याला देतात. डाळ-तांदूळ वेगळे करणं, बांगड्यांची लहान-मोठी रांग, भाकरीचे चार भाग.

साहित्य करून द्यायचं असेल तर आधी शिक्षिकेला विचारा, काय हवंय. आपण उत्साहानं पन्नास बाहुल्या करतो आणि तिला हवा असतो कप्प्यांचा पडदा. तो आपल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंसाठी एका दुपारचं काम आहे. जाड कापड, पाच ओळी, ओळीत सहा कप्पे, कप्प्याची उंची मुलाच्या तळहाताएवढी, म्हणजे चिठ्ठीचं वरचं टोक बाहेर दिसतं. शिवणीला खाली काठी घाला, पडदा सरळ लोंबतो. लावताना वरची ओळ मुलाच्या खांद्याच्या वर जाऊ देऊ नका.

बियांच्या बाबतीत मात्र जपा. अंगणवाडीतल्या आणि नुकत्याच पहिलीत आलेल्या मुलांना चिंचोके, वाटाणे देऊ नका, नाकाकानात जातात. त्यांना बाटल्यांची मोठी झाकणं द्या, धुऊन वाळवून. एरंडाच्या आणि गुंजेच्या बिया कितीही सुंदर दिसल्या तरी शाळेत नेऊ नका, त्या विषारी असतात.

मणीमाळ करताना दोन रंगांचे पन्नास-पन्नास मणी घ्या, बोराएवढे. दोरा जाड नायलॉनचा, आणि माळेपेक्षा हातभर लांब, कारण मणी सरकायला मोकळी जागा लागते. दोन्ही टोकांना पक्क्या गाठी. देण्याआधी दोघींनी वेगवेगळे मोजून बघा. नव्व्याण्णव मणी असलेली एक माळ एका शाळेत वर्षभर टांगलेली होती, आणि चूक काढली ती दुसरीतल्या एका मुलीनं.